मिसळलेली मिळकत

गेल्या श्रावणांतील गोष्ट आहे. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. घरांतील सर्वांचीं जेवणें उरकून स्वयंपाकघर आवरलें गेलें होतें, एकच ताट झांकून ठेविलेलें होतें, आणि आमच्या वहिनी दर पांच मिनिटांनीं गॅलरींत जाऊन रस्त्याकडे पाहून येत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा हिंजवडीस एका सॉफ्टवेअर कंपनींत आहे. तो आला, हातपाय धुऊन मुकाट्यानें पानावर बसला, आणि वरणभात नुसता चिवडूं लागला. शेवटीं आमच्या मातोश्रींनीं (त्यांचें वय आज ९१ आहे) जपाची माळ बाजूस ठेवून सरळच विचारलें, “नोकरी गेली कां रे?”

“नोकरी नाहीं गेली, आजी. पण दोन वर्षें खपून आम्हीं जें केलें तें एक तर सगळ्यांना उघडें करून द्यावें लागेल, नाहीं तर उसवून पुन्हां शिवावें लागेल, अशी पाळी आली आहे.”

“कोणाकडून काय उसनें आणलें होतेंत?” मातोश्रींनीं विचारलें.

मोठमोठ्या कंपन्यांच्या कायदेपंडितांस ज्या प्रश्नाच्या मुळाशीं पोंचावयास आठवडे लागतात, त्याच्या मुळाशीं मातोश्री एका वाक्यांत जाऊन पोंचल्या होत्या. पुतण्या कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहतच राहिला.

प्रकार असा झाला होता. परदेशांतील एका यंत्रें विकणाऱ्या कंपनीसाठीं त्याची तुकडी एक प्रोग्राम तयार करीत होती. तो यंत्राबरोबर गिऱ्हाइकांच्या घरीं जावयाचा आणि त्यांतील मर्म मात्र गुप्त राहावयाचें, असा करार होता. माल रवाना करण्यापूर्वीं तपासणी झाली तेव्हां असें आढळलें कीं, तुकडींतील एका नव्या मुलीनें आलेख काढण्याचें काम सोपें व्हावें म्हणून इंटरनेटवरून एक तयार ‘लायब्ररी’ उतरवून घेऊन आंत जोडली होती. ती फुकट मिळत होती. तिच्याबरोबर एक परवाना होता. तो कोणी वाचला नव्हता. त्या मुलीचें काम तपासून त्यावर पसंतीचा शेरा मारणारा आमचा पुतण्याच होता. परंतु वरिष्ठांच्या मनांतून सारा दोष तिच्या माथीं मारून तिला घरीं पाठवावयाचें होतें.

आमची स्वतःची हयात दिवाणी दाव्यांत गेली. संगणक आम्हांस पत्र लिहिण्यापुरता येतो. तरी त्या रात्रीं पुतण्यानें जे कागद आमच्या हातीं दिले ते वाचूं लागल्यावर झोंप उडाली, कारण अगदीं जुन्या ओळखीचीं माणसें नव्या पोषाखांत समोर येऊन उभीं राहिल्यासारखें वाटलें. आज सुशिक्षित कुटुंबांपैकीं असें घर विरळा, कीं जेथील एखादा मुलगा, सून अथवा जांवई ह्या धंद्यांत नाहीं. ‘ओपन सोर्स’, ‘लायसन्स’, ‘जीपीएल’ हे शब्द जेवणाच्या पंगतींत कानांवर येतात आणि आपण वडीलधारीं माणसें समजल्यासारखी मान डोलावतों. तेव्हां जें आम्हीं वाचलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटलें.

प्रोग्राम लिहिणारा तो प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. ही त्याची मूळ संहिता. मग ती यंत्रास कळणाऱ्या आंकड्यांच्या रूपांत पालटली जाते, आणि गिऱ्हाइकाच्या हातीं बहुधा हें दुसरें रूपच पडतें. बाजारांतून गोड्या मसाल्याची पुडी आणावी, तसें हें आहे. मसाला वापरतां येतो. पण त्यांत दगडफूल किती, खोबरें किती, कोणता जिन्नस किती भाजला, हें पुडीवरून उमगत नाहीं, आणि आपल्या घरीं तिखट सोसत नसेल तर तयार पुडींतून मिरची वेंचून काढतां येत नाहीं. मूळ संहिता म्हणजे ती कृति. कृति दडवून ठेविली तर तें सॉफ्टवेअर बंद. कृति हातीं दिली, आणि ती बदलण्याची व पुढें वाटण्याची मोकळीक दिली, तर तें खुलें. ‘लायब्ररी’ ह्या शब्दानें मात्र फसूं नये. येथें पुस्तकांचा कांहीं संबंध नाहीं. वारंवार लागणारीं कामें (तारखांचा हिशेब, चित्र उलगडून दाखविणें, मजकूर गुप्त लिपींत बांधणें) ज्यानें त्यानें नव्यानें लिहीत बसूं नये म्हणून कोणीतरी एकदां नीट लिहून ठेविलेले भाग म्हणजे लायब्ररी. सुतार आपले स्क्रू स्वतः ओतीत बसत नाहीं, त्यांतलाच प्रकार.

आतां ह्या परवान्याचा जन्म कसा झाला तें पाहूं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत एम. आय. टी. ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे काम करीत असत. तेथील जुन्या छपाईयंत्राच्या प्रोग्रामांत त्यांनीं अशी सोय करून ठेविली होती कीं, कागद अडकला म्हणजे ज्यांचें काम खोळंबलें असेल त्यांच्या पडद्यावर आपोआप सूचना जावी. पुढें झेरॉक्स कंपनीनें प्रयोगशाळेस नवें लेसर यंत्र दिलें. त्याची मूळ संहिता मात्र दिली नाहीं. कागद अडकावयाचा तो अडकेच. पण सूचना देण्याची सोय आतां करतां येईना. ती संहिता दुसऱ्या एका विद्यापीठांतील संशोधकापाशीं आहे असें कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेले. कोणास न देण्याचें आपण लिहून दिलें आहे, असें सांगून त्यानें नकार दिला. स्टॉलमन ह्यांनीं ही हकीकत स्वतः अनेकदां सांगितली आहे, आणि ती सांगतांना त्यांचा रोख यंत्रापेक्षां त्या लिहून दिलेल्या वचनावर असतो: एका सहव्यवसायिकास मदत न करण्याचें वचन मनुष्यानें आधींच देऊन ठेवावें, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं ‘ग्नू’ नांवाचा प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्यें नोकरी सोडली, आणि ऑक्टोबर १९८५ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. ह्या नांवांतील ‘फ्री’ शब्दानें इंग्रजी वाचकांची फार फसगत झाली आहे. आपल्या भाषेंत ‘मोफत’ निराळें आणि ‘मुक्त’ निराळें. इंग्रजींत दोहोंस एकच शब्द. त्या बिचाऱ्या नव्या मुलीची फसगतहि ह्याच एका शब्दानें झाली.

परंतु नुसतें मुक्त करून भागत नाहीं. आपलें लिखाण हक्क सोडून जगास वाटून टाकलें, तर उद्यां कोणीहि तें उचलावें, त्यांत चार सुधारणा कराव्या, आणि कुलूप लावून विकावें. मूळ लिहिणाऱ्याच्याच हातीं मग सुधारलेली कृति पडावयाची नाहीं. ह्यावर स्टॉलमन ह्यांनीं काढलेली तोड कोणाहि वकिलानें दाद द्यावी अशी आहे. त्यांनीं स्वामित्वहक्क सोडला नाहीं, उलट तो घट्ट धरून ठेविला आणि त्याच्याच बळावर अट घातली: ‘वापरा, बदला, विका, वाटा, मात्र ज्यास द्याल त्यास मूळ संहितेसह द्या, आणि मीं तुम्हांस दिली तीच मोकळीक तुम्हीं त्यास द्या.’ १९८४-८५ च्या सुमारास डॉन हॉपकिन्स ह्या त्यांच्या स्नेह्यानें एका पत्राच्या पाकिटावर गंमतीनें ‘कॉपीलेफ्ट’ असा शब्द लिहून पाठविला, तोच पुढें रूढ झाला. इंग्रजींत ‘राइट’ म्हणजे हक्क आणि उजवाहि; म्हणून उजव्याचें डावें. आमच्या लहानपणीं प्रत्येक मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानामागें ‘सर्व हक्क स्वाधीन’ असें छापलेलें असे. हॉपकिन्स ह्यांच्या पाकिटावरील वाक्याचा भाव ‘सर्व हक्क उलटे’ असा होता. ह्या अटींचा जो लेख झाला तोच जनरल पब्लिक लायसन्स, ऊर्फ जीपीएल. पहिली आवृत्ति फेब्रुवारी १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची, तिसरी २९ जून २००७ ची.

हिंदु कायद्यांत एक जुनें तत्त्व आहे. एकत्र कुटुंबांतील एखाद्यानें आपली स्वकष्टार्जित मिळकत, वेगळा हक्क सोडून देण्याच्या इराद्यानें, कुटुंबाच्या सामाईक मिळकतींत मिसळली, तर ती सर्वांची होते. मागाहून ‘एवढें घर माझें’ म्हणतां येत नाहीं. ह्या एका मुद्द्यावर भावाभावांचे दावे किती वर्षें चालतात तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जीपीएलचा लेख वाचतांना तेंच तत्त्व मनांत आलें. सामाईक कोठारांतून एक माप धान्य घेऊन तुम्हीं स्वतःच्या धान्यांत कालवलें, तर तो ढीग तुम्हांला बाजारांत न्यावयास हरकत नाहीं. मात्र सारा ढीग सामाईकाच्या अटींवरच न्यावा लागतो.

ह्या उपमेंत एक उणेंहि आहे, आणि तें सांगितलें पाहिजे, कारण त्याविषयीं पुष्कळ गैरसमज आहे. विरोधकांनीं ह्या परवान्यास रोगाची उपमा दिली. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टचे तेव्हांचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर ह्यांनीं ह्याच परवान्यामुळें लिनक्सला कर्करोग म्हटलें होतें. चमचाभर विरजणानें पातेलेंभर दूध विरजतें, तसें एका लायब्ररीनें सारा प्रोग्राम आपोआप सर्वांचा होतो, अशी समजूत आहे. तसें होत नाहीं. अट न पाळतां माल वाटला तर परवाना संपतो, आणि परवान्यावांचून दुसऱ्याचें लिखाण वाटणें हें स्वामित्वहक्काचें उल्लंघन ठरतें. त्यावर कोर्ट मनाई करील, नुकसानभरपाई देववील. पण तुमची संहिता तुमच्या पेटींतून बळेंच काढून चव्हाट्यावर मांडणें हा त्याचा नेहमींचा उपाय नव्हे. विरजलेलें दूध पुन्हां दूध होत नाहीं. येथें मात्र तेवढा भाग काढून टाकला कीं दूध पुन्हां दूध. पुतण्याची पहिली धास्ती येथेंच निम्मी उतरली.

दुसरी गोष्ट अशी कीं, ही अट घरांतल्या घरांत लागू नाहीं. कंपनीनें जीपीएलची लायब्ररी घेऊन स्वतःच्या कचेरींतील हिशेबासाठीं हवा तसा प्रोग्राम करावा, कोणी विचारीत नाहीं. माल दुसऱ्याच्या हातीं गेला कीं बंधन सुरू होतें. पैसे घेण्यासहि मनाई नाहीं. प्रोग्राम गिऱ्हाइकास न देतां आपल्याच यंत्रावर ठेवून इंटरनेटवरून नुसती सेवा दिली तर ‘हातीं गेला’ असें होत नाहीं, ही एक पळवाट होती. ती बुजविण्यासाठीं नोव्हेंबर २००७ मध्यें एजीपीएल नांवाचा कडक परवाना निघाला.

खरा वादाचा प्रश्न आहे तो ‘मिसळणें’ कशास म्हणावें हा. एकाच ताटांत आमटी आणि कोशिंबीर शेजारीं शेजारीं वाढली म्हणून त्या मिसळत नाहींत. तसे दोन स्वतंत्र प्रोग्राम एकाच तबकडीवर दिले तर एकाचा परवाना दुसऱ्यास लागत नाहीं, हें जीपीएल स्वतःच सांगतो. उलटपक्षीं लायब्ररी प्रोग्रामच्या पोटांत कायमची सांधली, म्हणजे शिजतांनाच मीठ घातलें, तर मिसळ झाली ह्यांत फारशी शंका नाहीं. पण चालूं करतेवेळीं दोन्ही एकत्र येत असतील तर? पानांत वरून घेतलेल्या मिठानें आमटी खारट झाली, तर ती कोणीं खारट केली म्हणावी? फाउंडेशनचें मत असें कीं सांधा केव्हां घातला ह्यास महत्त्व नाहीं, दोन्ही मिळून एकच कृति होते. पुष्कळ कायदेपंडित हें मानीत नाहींत. शहाणा धंदेवाला अशा ठिकाणीं दुसऱ्याच्या मतावर स्वतःचें दुकान पणास लावीत नाहीं, असें आमचें मत.

ही पळवाट पहिल्याच अमदानींत शोधली गेली होती. स्टीव्ह जॉब्स ह्यांच्या नेक्स्ट कंपनीनें ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठीं ग्नूच्या कंपायलरास जोड तयार केली. ती यंत्ररूपांत निराळी द्यावी आणि सांधण्याचें काम गिऱ्हाइकावर सोपवावें, असा तिचा विचार होता. वकिलाचा सल्ला घेऊन स्टॉलमन ह्यांनीं ह्यास नकार दिला, आणि ती जोड अखेर खुली झाली. दुसरें उदाहरण आम्हांस अधिक आवडलें. ‘रीडलाइन’ ही एक लहानशी लायब्ररी आहे. टंकलेखन करतांना ओळ दुरुस्त करणें, मागील आज्ञा परत आणणें, एवढेंच तिचें काम. ती जीपीएलखालीं आहे. जर्मनींतील ब्रूनो हाइबल आणि मिशाएल श्टोल ह्यांनीं ‘क्लिस्प’ नांवाच्या आपल्या प्रोग्रामांत तिचा उपयोग केला होता. हाइबल ह्यांचें म्हणणें, रीडलाइनशिवायहि आमचा प्रोग्राम चालतो, मग तिची अट आम्हांस कां? १९९२ सालीं हाइबल व स्टॉलमन ह्यांच्यांत बराच पत्रव्यवहार झाला, आणि शेवटीं क्लिस्प जीपीएलखालीं आला. कोर्ट नाहीं, वकील नाहीं. दोन माणसांनीं पत्रांनीं मिटविलें.

पुढचीं प्रकरणें इतक्या सौजन्यानें मिटलीं नाहींत. २००३ च्या मार्चमध्यें सिस्को ह्या अमेरिकन कंपनीनें सुमारें ५० कोटि डॉलरांस लिंक्सिस ही कंपनी घेण्याचें जाहीर केलें. लिंक्सिसचें घरोघरीं इंटरनेट पोंचविणारें एक निळें-काळें डबडें तेव्हां जोरांत खपत होतें. थोड्याच महिन्यांत जाणकारांच्या ध्यानीं आलें कीं त्याच्या पोटांत लिनक्स व इतर जीपीएल सॉफ्टवेअर आहे आणि मूळ संहितेचा पत्ता नाहीं. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षीं संहिता प्रसिद्ध करण्यांत आली. त्या संहितेंतून हौशी लोकांनीं २००४ मध्यें ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभारला, आणि तो आजहि शेंकडों जातींच्या डबड्यांवर चालतो. घर घेणाऱ्यास विहिरीचा सामाईक हक्क खरेदीखतानंतर कळावा, तसें सिस्कोचें झालें. तरीहि पूर्ण समाधान न झाल्यामुळें फाउंडेशननें डिसेंबर २००८ मध्यें सिस्कोवर दावा लावला, तो मे २००९ मध्यें आपसांत मिटला.

‘असल्या परवान्यास कोर्टांत कोण विचारतो?’ असें म्हणणारे तोंपर्यंत पुष्कळ होते. त्यांस पहिलें उत्तर म्यूनिकच्या कोर्टानें दिलें. लिनक्समधील एका भागाचे लेखक हाराल्ड वेल्टे ह्यांच्या अर्जावरून त्या कोर्टानें २००४ सालीं साइटकॉम ह्या डच कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला व जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या. अमेरिकेंतील २००८ चा निकाल तर एका खेळण्यावरून झाला. खेळांतल्या आगगाड्या संगणकावरून चालविण्याचा प्रोग्राम रॉबर्ट जेकबसन ह्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं खुला दिला होता; दुसऱ्यानें लेखकांचीं नांवें गाळून तो आपल्या मालांत घातला. तो परवाना कॉपीलेफ्ट जातीचा नव्हता. पण फुकट दिलेल्या वस्तूवरील अटहि खरीच अट असते, ती मोडणें म्हणजे स्वामित्वहक्कच मोडणें, हें तत्त्व वरिष्ठ कोर्टानें मान्य केलें.

तथापि आमच्या पुतण्याच्या प्रकरणास जवळचा दाखला फ्रान्समधला. आंत्रूव्हेर नांवाच्या लहानशा फ्रेंच संस्थेनें ‘लासो’ ही लायब्ररी लिहिली. एकदां ओळख पटविली कीं अनेक सरकारी खात्यांचीं दारें उघडावीं, असें तिचें काम. ती जीपीएलखालीं खुली होती, आणि ज्यांस ती अट नको त्यांच्यासाठीं पैसे घेऊन निराळा परवानाहि संस्था देत असे. सरकारच्या नागरिकसेवांच्या संकेतस्थळाचें काम घेतांना ऑरेंज ह्या बड्या दूरध्वनि कंपनीनें लासो आपल्या प्रोग्रामांत जोडली. पण खुल्या परवान्याची अट पाळली नाहीं, आणि विकतचा परवानाहि घेतला नाहीं. २०११ सालीं दावा लागला. २०१९ मध्यें पॅरिसच्या कोर्टानें, व २०२१ मध्यें अपील कोर्टानें, हा करारभंग आहे, स्वामित्वहक्काचें उल्लंघन नव्हे, म्हणून त्या मुद्द्यावर दावा चालत नाहीं असें ठरविलें. आमच्या व्यवसायबंधूंस ह्यांतील खोंच लगेच कळेल: उपाय कोणत्या कायद्याखालीं मागावा ह्या एका प्रश्नांत लहान माणसाचीं दहा वर्षें गेलीं. २०२२ मध्यें सर्वोच्च कोर्टानें तो निकाल रद्द केला, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं अपील कोर्टानें ऑरेंजला ५ लक्ष यूरो नुकसानभरपाई व नैतिक हानीबद्दल आणखी १ लक्ष ५० हजार यूरो देण्यास सांगितलें. तेरा वर्षें लागलीं. पुण्यांतील वाड्यांच्या दाव्यांच्या मानानें हें झपाट्यानेंच झालें म्हणावयाचें!

येथें वाचक विचारतील, कीं मग खुली लायब्ररी घेऊन बंद सॉफ्टवेअर करतांच येत नाहीं कीं काय? येतें, आणि ह्याची वाट खुद्द स्टॉलमन ह्यांच्याच संस्थेनें १९९१ मध्यें करून ठेविली. लायब्ररींकरितां म्हणून काढलेला एलजीपीएल हा सौम्य परवाना बंद प्रोग्रामासहि जोडणीची मोकळीक देतो. मात्र लायब्ररी खुली राहिली पाहिजे, आणि गिऱ्हाइकानें तिची सुधारलेली प्रत आणली तर ती जुनीच्या जागीं बसवून प्रोग्राम चालवितां आला पाहिजे. म्हणूनच असली लायब्ररी पोटांत कायमची न शिवतां निराळ्या कप्प्यांत ठेवतात. शिवावयाचीच असेल तर पुन्हां सांधतां येतील असे आपले भाग गिऱ्हाइकास द्यावे लागतात. ही सवलत देण्यामागें औदार्यापेक्षां व्यवहारच अधिक होता. सी भाषेच्या मूलभूत लायब्ररीसारखी चीज दुसरीकडेहि मिळते. तिच्यावर कडक अट घातली तर लोक तिकडे जातील, एवढेंच. जी दुसरीकडे मिळत नाहीं तिच्यावर कडक अट घालावी, म्हणजे ती हवी असणारे आपोआप उघड्या गोटांत येतील, असा सल्ला स्टॉलमन ह्यांनीं १९९९ मध्यें लिहून दिला, आणि त्या वर्षीं परवान्याच्या नांवांतील ‘लायब्ररी’ शब्द काढून तेथें ‘लेसर’, म्हणजे कमी दर्जाचा, असा शब्द घातला. पोटच्या पोराचें नांव ‘दुय्यम’ ठेवावें, तसलाच हा प्रकार. हा डाव प्रत्येक वेळीं साधला असें मात्र नाहीं. रीडलाइनच्या अटीस कंटाळलेल्यांसाठीं सैल परवान्याची ‘लिबएडिट’ आहे. आणि अ‍ॅपल कंपनीनें ग्नूच्या कंपायलराची वाट सोडून ‘क्लँग’ ह्या सैल परवान्याच्या कंपायलरास पाठबळ दिलें.

ह्या सैल परवान्यांची अट अगदीं हलकी: मूळ लेखकाचें नांव व परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, मग दार बंद करा कीं उघडें ठेवा. आपल्या रोजच्या उपयोगांतील एक नमुना सांगण्याजोगा आहे. मराठींत टंकलेखन करतांना रफार अक्षराच्या डोक्यावर चढतो, पहिली वेलांटी उच्चारानें नंतर असूनहि आधीं दिसते, क् आणि ष मिळून क्ष होतो. हें सारें जुळवून देणारी ‘हार्फबझ’ नांवाची लायब्ररी आहे. नांव फारशींतील, अर्थ खुलें अक्षर. अँड्रॉइड फोनावर, क्रोम व फायरफॉक्समध्यें देवनागरी अक्षरें तीच जुळविते. तिचा परवाना सैल आहे. म्हणून बंद सॉफ्टवेअर करणारेहि ती निःशंकपणें घेतात.

आमच्याकडील कायद्याविषयीं दोन शब्द. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाचा प्रोग्राम ‘वाङ्मयकृति’ ह्या सदरांत घातला गेला. कादंबरी आणि कंपायलर कायद्याच्या दृष्टीनें एका पंगतीला! लेखक परका असला तरी आंतरराष्ट्रीय करारांमुळें त्याच्या कृतीस येथें संरक्षण आहे. तेव्हां ‘परवाना अमेरिकेंतला, आम्ही हिंजवडींतले’ हा बचाव टिकावयाचा नाहीं.

पुतण्याची गोष्ट राहिली. माल अजून गिऱ्हाइकाच्या हातीं गेला नव्हता, म्हणजे अट मोडलेली नव्हती. हें प्रथम कागदावर लिहून वरिष्ठांस द्यावें, असें आम्हीं त्यास सुचविलें. मग त्यानें लायब्ररीच्या मूळ लेखकास पत्र घातलें कीं, योग्य तें मूल्य घेऊन निराळा परवाना द्याल काय? उत्तर तीन दिवसांत आलें, आणि फार सभ्यपणाचें होतें. लेखकाची स्वतःची हरकत नव्हती. परंतु गेल्या अनेक वर्षांत एकोणीस जणांनीं त्या लायब्ररींत आपापली भर घातली आहे, प्रत्येकाचा आपल्या भरीवर हक्क आहे, आणि त्यांतील दोघांचा ठावठिकाणा आतां लागत नाहीं. सर्वांच्या संमतीशिवाय आपण एकटे कांहीं देऊं शकत नाहीं, असें त्यानें कळविलें होतें. सामाईक मिळकत एकट्यानें विकण्याचा हा प्रश्न! पुतण्यानें तें पत्र वाचून दाखविलें तेव्हां आम्हांस हंसूं आवरेना, आणि वहिनी मात्र आमच्यावर रागावल्या.

अखेर ती लायब्ररी काढून टाकून सैल परवान्याची दुसरी बसवावयाची ठरली. ती तितकी चांगली नव्हती. उणें होतें तें तुकडीस स्वतः लिहावें लागलें. सहा आठवडे गेले. गणपतींत तो आरतीस दोनच दिवस घरीं होता. त्या मुलीविषयीं त्यानें वरिष्ठांस स्पष्ट सांगितलें कीं, तिनें जोडली हें खरें. पण तपासून सही मीं केली आहे, तेव्हां ठपका ठेवावयाचा तर आधीं माझ्यावर ठेवा. त्याची त्या वर्षींची पगारवाढ अडली. मुलगी तेथेंच आहे, आणि आतां नवी लायब्ररी घेण्यापूर्वीं तिचा परवाना वाचण्याचें काम तुकडीनें तिच्याकडेच दिलें आहे.

दिवाळींत तो आला तेव्हां त्यानें मातोश्रींना फोनवर एक यादी दाखविली. त्या एका प्रोग्रामांत ज्या ज्या लायब्ररी वापरल्या आहेत त्या प्रत्येकीचें नांव, लेखक आणि परवाना तींत लिहिला आहे. मातोश्रींनीं चष्मा लावून ती बोटानें वर सरकवीत पाहिली, यादी संपेना. “हीं सगळीं माणसें कोण?” त्यांनीं विचारलें. “ठाऊक नाहीं, आजी,” तो म्हणाला. “दोनशें चौदा आहेत. भेटलों एकालाहि नाहीं.” मातोश्रींनीं फोन परत दिला, आणि त्याच्या पानांत आणखी एक चकली वाढली.